राहू दे की गिळा

तुम्ही पाहत होतात. ते नाकारू नका. खाली पहिल्या रांगेत, लाल मखमलीच्या खुर्चीत तुम्ही बसला होतात आणि मान वर करून गॅलरीकडे पाहत होतात. वर गॅलरीत माणसं उभी राहून बोलत होती. त्यांची तोंडं हलत होती, हात हलत होते. एका म्हातारीने तर तुमच्यासमोर पदर पसरला होता. आणि तुमच्या कानावर काय येत होतं? काही नाही. माणूस समोर उभा राहून बोलतोय आणि त्याचा आवाज येत नाही, हे लक्षात यायला फार शिक्षण लागत नाही. कुणीही सरळ माणसाने हात वर करून विचारलं असतं, की बाबांनो, ऐकू येत नाहीये, यंत्र बिघडलंय का बघा. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही मान डोलावलीत. एकेकाचं तोंड हलायचं थांबलं की तुम्ही मान डोलवायचात आणि म्हणायचात, 'पुढचे.' तुमचं ते 'पुढचे' मात्र गॅलरीतल्या शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू जात होतं.

तुम्हांला नाव आहे, हुद्दा आहे. इथे दोन्ही घेत नाही, कारण तुमची बदली झाली की त्या खुर्चीत दुसरा येऊन बसेल आणि तोही मान डोलवेल.

आता ज्याने ते यंत्र बसवलं त्याच्याकडे येऊ. त्यालाही सोडायचं कारण नाही.

त्याचं नाव हेमंत धोत्रे. तासगडच्या विठोजीराजे नाट्यगृहाचं नूतनीकरण निघालं तेव्हा आवाजाचं, प्रकाशाचं, पडद्यावरच्या चित्रांचं सगळं काम त्याच्याकडे आलं. ते काम मिळावं म्हणून मुंबई-पुण्याचे लोक रांगेत होते, पण हेमंत त्यांच्यापेक्षा हुशार होता, यात वाद नाही. हेमंत हे नाव त्याने कॉलेजात असताना घेतलेलं. आईबापाने ठेवलेलं हणमंत. नाट्यगृहाच्या मागे, जुन्या दगडखाणीच्या उतारावर वडारांची वस्ती आहे, खाणवस्ती म्हणतात तिला. तिथे त्याला अजून हणम्या म्हणूनच हाक मारायचे. तो तिकडे फारसा जात नसे, त्याचं हेही एक कारण.

विठोजीराजांनी नाट्यगृह बांधलं त्याचा दगड याच खाणीतला. राजे गेले, संस्थान गेलं, खाण बंद पडली आणि खडी फोडणारा क्रशर आला. क्रशर आला तसे वस्तीचे कान गेले. खाणीवर हळू बोलणं म्हणजे न बोलणंच. त्यामुळे खाणवस्तीतली दोन माणसं भाजीत मीठ जास्त झालं एवढंच बोलत असली, तरी परक्याला वाटावं डोकी फुटणार आता. हेमंतची मोठी बहीण दुर्गव्वा त्या सगळ्यांत वरचढ. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिने डोक्यावर पाट्या वाहून याला वाढवला, शिकवला. ती उताराच्या तळातून हाक मारायची, 'हणम्या, जेवाय ये रं,' ती रस्त्यापलीकडच्या प्रोफेसर कॉलनीत ऐकू जायची आणि कॉलनीतली मुलं शाळेत याला तीच हाक मारून चिडवायची. त्या मुलांसारखं बोलायला तो शिकला. इतकं चांगलं शिकला की तीच मुलं पुढे त्याच्याकडे नोकरी मागायला आली.

आता यंत्राचं. हे समजून घ्या, कारण ते न समजल्याचं सोंग पुढे बऱ्याच जणांनी केलं.

नाट्यगृह घोड्याच्या नालेसारखं, छत सागवानी, भिंतींना चुन्याचा गिलावा. रंगमंचावर कुजबुजलेलंही गॅलरीत पोचावं अशी बांधणी. पण जे नटाच्या कुजबुजण्याला तेच प्रेक्षकाच्या खोकल्याला. कुणाचं पोर रडलं, कुणी वेफर्सची पिशवी फोडली, की ती साऱ्या नाट्यगृहाला ऐकू येणार. त्यातून पुरातन वास्तू, म्हणजे भिंतीला खिळा मारायचा नाही. हेमंतने त्यावर पापुद्रे काढले. कांद्याच्या सालीइतके पातळ, लाकडाच्या रंगाचे. खुर्चीच्या पाठीला, गॅलरीच्या कठड्याला, खांबांना चिकटवायचे. असा प्रत्येक पापुद्रा कानही असतो आणि तोंडही. तो ऐकतो आणि बोलतो.

आवाज म्हणजे हवेतली लाट. उंचवटा, खळगा, उंचवटा, खळगा. त्या लाटेवर जर बरोबर उलटी लाट सोडली, उंचवट्याच्या जागी खळगा आणि खळग्याच्या जागी उंचवटा, तर दोन्ही एकमेकींना खातात आणि उरते शांतता. कानात घालायच्या हेडफोनमध्ये हे कधीच जमलेलं होतं, कारण तिथे कान हाताशी असतो. अख्ख्या नाट्यगृहात ते जमत नव्हतं. पण आवाज सावकाश चालतो आणि वीज त्याच्या कितीतरी पुढे धावते. माणसाच्या तोंडातून निघालेला शब्द शेजारच्या दोन खुर्च्या ओलांडेपर्यंत पापुद्र्यांनी तो ऐकलेला असतो, यंत्राने ओळखलेला असतो आणि चहूबाजूंनी त्याची उलटी लाट सोडलेली असते. शब्द तिथेच मरतो. शेजाऱ्याला ऐकू येतं, त्यापलीकडे नाही. आणि बोलणाऱ्याला तर पत्ताच लागत नाही. त्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या डोक्यात नेहमीसारखाच घुमत असतो.

या यंत्रणेला हेमंतने नाव दिलं नीरव.

प्रश्न एकच होता. नीरवने काय गिळायचं आणि काय राहू द्यायचं? सगळंच गिळलं तर नाटक मेलं. हशा पाहिजे, टाळी पाहिजे. संगीत नाटकात पद रंगलं की लोक 'वन्स मोअर' ओरडतात आणि नट पुन्हा गातो. ते गिळून कसं चालेल? म्हणजे यंत्राला गोंगाट आणि दाद यांतला फरक शिकवायला हवा. तो पुस्तकात नाही. म्हणून हेमंतने दुरुस्तीआधीच्या शेवटच्या हंगामातल्या सगळ्या प्रयोगांत प्रेक्षकांचे आवाज टिपून ठेवले आणि नाट्यरसिक मंडळाच्या लोकांना वरच्या तालमीच्या खोलीत बोलावलं. संस्थानाच्या काळापासून या नाट्यगृहात काय बरं, काय वाईट, हे मंडळच ठरवत आलंय. चहा-खारी ठेवायची, आवाजाचा एकेक तुकडा वाजवायचा, आणि प्रत्येकाने समोरचं बटण दाबायचं. हिरवं म्हणजे 'राहू दे', लाल म्हणजे 'गिळा'. ही नावं झीनत मुल्लाने गमतीने टाकली होती. झीनत हेमंतच्या हाताखाली यंत्राचं डोकं लिहायची, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"मतं फुटली तर कुणाचं धरायचं, सर?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"माझं," हेमंत म्हणाला.

"आणि वजन किती देऊ त्याला?"

"शेवटचा शब्द माझा. त्याप्रमाणे दे."

मंडळाचे अध्यक्ष खांबेटे वकील. वय झालेलं, पण कान तिखट. प्रोफेसर कॉलनीतल्या बापटबाई त्यांच्या शेजारी. त्या दोघांचं एकमत क्वचितच व्हायचं. शिट्टी वाजली की बापटबाई लाल दाबायच्या आणि खांबेटे म्हणायचे, "अहो, शिट्टी खरी, पण सुरात आहे. राहू द्या." मग सगळे हेमंतकडे बघायचे. हेमंत शिट्ट्या गिळत गेला. त्याला वाटलं, आपण मोठ्या शहरातली शिस्त इथे आणतोय.

आणि मग तो तुकडा लागला.

नायकाचं पद संपलं होतं. टाळ्या विरत होत्या. त्या विरण्यावर गॅलरीतून एका बाईचा आवाज कडाडला, "आरं ए, म्हन की परत येकदा. जीव गार झाला बग."

खोलीत हशा पिकला. खांबेटे तर डोळे पुसायला लागले. "कोण हो ही? जीव गार झाला म्हणते. आमच्या पुढच्या खुर्च्यांतून अशी दाद जन्मात आली नाही. राहू दे, राहू दे."

"दाद कसली, वकीलसाहेब?" बापटबाई म्हणाल्या. "मी त्या दिवशी हजर होते. केवढी दचकले. मागच्या वस्तीतली असणार. धोत्रे, तुमच्या ओळखीची आहे का हो कुणी?"

त्या सहज विचारत होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. पास हेमंतनेच दिला होता. 'अक्का, गॅलरीतनं चांगलं दिसतं,' असं सांगून त्याने तिला वर पाठवली होती आणि स्वतः खाली पाहुण्यांच्यात बसला होता. ती ओरडली तेव्हा त्याने मान खाली घालून मोबाईल काढला होता.

"नाही," हेमंत म्हणाला. "गिळा."

आणि त्याने लाल बटण दाबलं. खांबेट्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते खारीकडे वळले. त्यानंतर यंत्र स्वतःहून विचारायला लागलं: हा आवाज मघाच्यासारखा आहे, गिळू? हाही तसाच आहे, गिळू? हेमंत हो म्हणत गेला. एकदा बोट लालवर गेलं की जड वाटत नाही.

नाट्यगृह उभं राहिलं. काय दिसायचं म्हणून सांगू. जुन्या रंगवलेल्या पडद्याला हात न लावता त्यावर प्रकाशाने झाडं हलायची, नदी वाहायची. खुर्चीत बसलं की नटाचा श्वास ऐकू यायचा. चाचणीच्या दिवशी साहेब आले. होय, तुम्हीच. राणीसाहेबांच्या जुन्या बॉक्समध्ये, जाळीच्या खिडकीमागे हेमंतने नियंत्रणाची खोली केली होती. तिथे येऊन तुम्ही उभे राहिलात. खाली स्थानिक मंडळी नाटकाचा प्रवेश करत होती, आणि वर गॅलरीत झाडलोट करायला आलेल्या वस्तीतल्या बायका कामं टाकून बघत बसल्या होत्या.

"सर," झीनत म्हणाली, "त्या बायका हसतायत."

"मग?"

"ऐकू कुठे येतंय? पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांचं हसू येतंय. यांचं नाही."

हेमंतने जाळीतून पाहिलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. आवाजाचा टिपूस नाही. 

"काहीतरी जास्त गिळलं जातंय," तो साहेबांना म्हणाला. "जुळणी पुन्हा करावी लागेल. थोडा वेळ द्या."

"म्हणजे वरचं खाली येत नाही?" साहेबांनी विचारलं.

"सगळंच नाही असं नाही, पण..."

"खालचं वर जातं?"

"जातं."

साहेब बराच वेळ त्या हसणाऱ्या बायकांकडे बघत उभे राहिले. "धोत्रे, इतकं सुंदर चाललंय. उद्घाटनाआधी कशाला हात लावताय? उलट पार्किंगची जनसुनावणी इथेच घेऊ. यंत्राचीही परीक्षा होईल."

पार्किंग म्हणजे खाणवस्ती. नाट्यगृहाला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला जागा हवी होती. वस्ती उठवून एमआयडीसीच्या पलीकडे माळावर न्यायची असा प्रस्ताव होता. त्यासाठी सुनावणी घेणं कायद्याने भाग होतं. आणि तोवर कायदा असा झाला होता की सुनावणीत कारकुनाने लिहून घ्यायचं नाही, तो पक्षपात करतो. यंत्र ऐकेल, यंत्र लिहील, आणि यंत्राने लिहिलं तेच बोललं गेलं असं धरलं जाईल.

हेमंतने मान डोलावली. दोन माणसांनी एकाच खोलीत मान डोलावली की सरकारी काम पुढे जातं.

सुनावणीला वस्ती नटून आली. बायकांनी सणाची लुगडी काढली होती. त्यांना वर गॅलरीत बसवलं, कॉलनीतल्यांना खाली. साहेब मायक्रोफोनशिवाय बोलले, "कुणी पुढे यायची गरज नाही. जागेवर उभं राहून बोला. इथे खुर्चीच ऐकते." लोक हसले. कुणाचं हसू ऐकू आलं आणि कुणाचं नाही, ते सांगायला नको.

हेमंत जाळीमागे बसला होता. कानाला हेडफोन. त्यात पापुद्र्यांनी टिपलेला कच्चा आवाज येतो, गिळण्याच्या आधीचा. म्हणजे अख्ख्या नाट्यगृहात त्या एका माणसाला सगळं ऐकू येत होतं. समोरच्या मॉनिटरवर गॅलरीतल्या जागा एकेक करून लाल होत होत्या, म्हणजे गिळल्या जात होत्या. मग दुर्गव्वा उभी राहिली. तिने आधी जाळीकडे पाहिलं आणि हात वर केला, हणम्या आहे ना तिथे, म्हणून. मग ती साहेबांकडे वळली.

"सायब," ती म्हणाली, "ह्या थेटराचा दगूड आमच्या आज्यानं फोडलाय. तवा आमी हितं हुतो, थेटर नव्हतं. आता थेटराला गाड्या लावायला आमाला उठवायलाय. त्या माळावर पानी न्हाई. पोरींची शाळा हितं, दवाखाना हितं. माझा एक कान गेलाय, दुसरा जायलाय, म्हनून मोट्यानं बोलते, राग धरू नगा. पर आमी जात न्हाई. एवढं ल्हिऊन घ्या. आमी जात न्हाई."

खाली शुकशुकाट. बापटबाई ओंजळीत चेहरा धरून गॅलरीकडे बघत होत्या, मूकपट बघावा तसं. साहेबांनी मान डोलावली.

हेमंतसमोर एक बटण होतं. 'उघडा' असं लिहिलेलं. ते दाबलं की नीरव बंद, नाट्यगृह राजांच्या काळात होतं तसं. त्याचं बोट त्यावर होतं, आणि डोक्यात काय होतं तेही सांगतो. आत्ता दाबलं तर सगळं नाट्यगृह एकदम दणाणेल. लोक माना वळवून इकडे बघतील. विचारतील, मघापासून का येत नव्हतं? मग कारण सांगावं लागेल. आणि ती वरून हाक मारील, 'हणम्या, काय झालं रं?' सगळ्यांदेखत. एवढ्यात साहेबांनी जाळीकडे पाहिलं. रागाने नाही. शिपाई चहा आणतोय का, हे बघावं तसं.

हेमंतने बोट उचललं.

"पुढचे," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुर्गव्वा शेंगांच्या पोळ्या घेऊन त्याच्या फ्लॅटवर आली. लिफ्टमधल्या आरशात पदर नीट करून आली होती, तरी कपाळावर घाम होता. एवढी खूश त्याने तिला पाहिली नव्हती.

"काय माणूस हाय रे तुजा सायब," ती म्हणाली. "आजवर कुटल्या हापिसात गेलो तर 'हळू बोल, वरडू नको, भाईर हो.' ह्यानं एका शब्दानं आडवलं न्हाई. समद्यांचं ऐकून घेतलं. मान हलवत हुता, बगितलास न्हवं? म्हातारी तिम्मव्वा तर रडली. म्हनली, मेले तरी चालंल आता, सरकारनं ऐकलं माजं."

हेमंतने पोळीचा तुकडा तोडला. तो तोंडात फिरत राहिला.

"खा की. तूप घालू?"

"नको, अक्का. झालं."

"तुज्या थेटरात बोलले म्हनून आलं हे. न्हाईतर आमाला कोन इचारतंय."

तिला तेव्हाच सांगता आलं असतं. तो पाणी प्यायला.

आठवडाभरात वस्तीतल्या मारुतीच्या देवळावर सुनावणीचं इतिवृत्त चिकटलं. हरकती : निरंक. खाली सूचना : प्रोफेसर कॉलनीतील भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त व्हावा. शाळेतल्या पोरींनी ते वाचून दाखवलं. दुर्गव्वा तशीच, कामाच्या लुगड्यात, नाट्यगृहात आली. हेमंत रंगमंचावर झीनतबरोबर दिवे लावत होता.

"निरंक म्हंजी काय रे?" तिने विचारलं.

झीनत त्याच्याकडे बघायला लागली.

"म्हणजे... काही नाही. कुणी काही बोललं नाही."

"आमी बोललो की."

"यंत्रात बिघाड झाला, अक्का."

"कुत्र्याचं ल्हिलंय त्यात. ती कालनीतली बाई बोलली ते ऐकू आलं. तवा बिगाड नव्हता?" ती ओरडत नव्हती. तिच्या मानाने ती फार हळू बोलत होती. "आमच्यातल्या येकाचं बी आलं न्हाई? तिम्मव्वाचं बी न्हाई? मग त्यो मान कशाला हलवत हुता?"

"तुम्ही वर होता. वरचा आवाज यंत्राने... गोंगाट धरला."

"कुनी शिकिवलं त्याला?"

"मंडळाचे लोक होते. रसिक मंडळ. त्यांनी ठरवलं गोंगाट कुठला ते."

तिने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "त्येंचं काय चुकलं म्हना," ती म्हणाली. "त्येंना कसं कळावं आमी काय बोलतो ते." आणि गेली.

ती गेल्यावर झीनतने हातातली वायर खाली ठेवली. "तुमच्या बहीण आहेत त्या?"

"हो."

"सर, चाचणीपासून मी ते उकलत बसलेय. यंत्र एवढं का गिळतंय ते. तुम्ही आत्ता त्यांना खोटं सांगितलंत."

"म्हणजे?"

"मंडळाने हे शिकवलं नाही. खांबेट्यांनी तर निम्म्याहून जास्त वेळा हिरवं दाबलंय. बापटबाईसुद्धा शेवटी शेवटी कंटाळून राहू द्या म्हणत होत्या. नुसत्या त्यांच्या मतांवर मी यंत्र चालवून बघितलं. गॅलरी ऐकू येते. स्वच्छ येते. तुमचं मत घातलं की बंद." तिने एक तुकडा वाजवला. जीव गार झाला बग. "सगळं इथून सुरू होतं. हा आवाज तुम्ही गिळलात, आणि याच्यासारखं जे जे म्हणून आहे, हे हेल, ही पट्टी, हा घोगरेपणा, ते सगळं त्यामागून गेलं. तुमच्या मताला वजनच तेवढं होतं. यंत्र हुशार आहे, सर. त्याने तुम्हांला बरोबर ओळखलं."

हेमंत खाली बसला. रंगमंचाच्या फळ्यांवरच बसला. त्याला आठवत होतं ते बापटबाईंचं सहज विचारणं आणि आपलं 'नाही'. कुणी जबरदस्ती केली नव्हती. वकिलांनी तर दार धरून उघडं ठेवलं होतं.

तो साहेबांकडे गेला. सुनावणी पुन्हा घ्या म्हणाला, यंत्र चुकलंय, मी लिहून देतो.

"यंत्र अचूक आहे असं तुम्हीच लिहून दिलंय," साहेब म्हणाले. आवाज शांत, समोर लिंबूसरबत. "आता चुकलं म्हणता. का चुकलं?"

"मी चुकीचं शिकवलं."

"का शिकवलंत?"

हेमंतने लिहून द्यायला काढलेलं पेन पुन्हा खिशात घातलं.

"तुम्ही तिथलेच ना, धोत्रे? मला माहीत आहे. मग तुम्हांलाच ते गोंगाट वाटलं, तर आम्ही परक्यांनी काय वेगळं ऐकायचं होतं?" साहेबांनी ग्लास त्याच्याकडे सरकवला. "घ्या. उद्घाटनाला तुमचा सत्कार ठेवलाय."

काय बोललात हो. लाज तुमची होती, तीही त्याच्याच खांद्यावर टाकलीत, आणि त्याने ती उचलली.

उद्घाटनाला नाट्यगृह भरलं. वस्तीला गॅलरीचे पास वाटले होते. पुढल्या आठवड्यात घरं पाडायची, तोवर नाराजी नको म्हणून. दुर्गव्वा येणार नाही असं हेमंतला वाटलं होतं. पण ती पहिल्या बाकावर, कठड्याला टेकून बसलेली होती. साहेबांनी भाषण केलं. वारसा आणि विज्ञान यांचा संगम, भूमिपुत्राची भरारी वगैरे. मग हेमंतचं नाव पुकारलं.

जाळीमागून निघण्याआधी त्याने 'उघडा' दाबलं.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग नाट्यगृहाला श्वास फुटला. पंख्यांची घरघर, कुणाचा खोकला, बांगड्या, एक रडणारं पोर, गॅलरीतल्या फळ्यांचं करकरणं. पुढच्या रांगांनी माना वळवल्या. साहेबांच्या हातातली शाल तशीच राहिली. हेमंत रंगमंचावर आला, शाल घेतली नाही, माइकसमोर उभा राहिला.

"माझं नाव हणमंत धोत्रे," तो म्हणाला. "मागच्या वस्तीतला. इथे सुनावणी झाली तेव्हा गॅलरीतले लोक बोलले. प्रत्येक जण बोलला. खाली एकालाही ऐकू आलं नाही, कारण ते आवाज गिळायला यंत्राला मी शिकवलं होतं. मंडळाने नाही. मी. गॅलरीतला पहिला आवाज गिळला तो माझ्या सख्ख्या बहिणीचा. तुमची कोण म्हणून मला विचारलं, मी कुणी नाही म्हणालो." त्याला वाटलं होतं इथे आवाज चिरकेल. चिरकला नाही, तेच त्याला वाईट वाटलं. तो साहेबांकडे वळला. "ते मी करून बसलोय. पण साहेब, तुम्हांला दिसत होतं. ऐकू येत नाही हे तुम्हांला दिसत होतं, आणि तुम्ही मान डोलावत होता. का? आत्ता सांगा, सगळ्यांसमोर."

साहेब हसले. "तांत्रिक बाबींवर आपण कार्यालयात बोलू," ते म्हणाले, आणि निवेदकाला खूण केली. पुढच्या रांगेत खांबेटे वकील उभे राहिले. "उत्तर द्या ना, साहेब," ते म्हणाले. "विचारलंय त्याचं उत्तर द्या." कुजबूज वाढली. हेमंतला छातीवरचा दगड थोडा हलल्यासारखं वाटलं. बोट साहेबांकडे वळलं होतं.

"हणम्या."

तो आवाज सागवानी छतावर आपटला, भिंतींवरून घरंगळत खाली आला आणि पार तळघरापर्यंत गेला. माइक नाही, काही नाही.  बापटबाईही दचकल्या, पण मान वळवून वर बघत राहिल्या. दुर्गव्वा कठड्याला धरून उभी होती.

"सायबाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यो कोन आमचा? उद्या बदलून जाईल. शिकिवलंस त्येबी ऱ्हाऊ दे, तवा तुला कळलं नसंल पुढं काय हुनार. मी दुसरंच इचारते. त्या दिशी मी बोलायला उटले, तवा तुज्याकडं बगून हात केला. तू त्या जाळीमागं हुतास. तुज्या कानाला ती टोपडी हुती, तुज्या संगतीच्या त्या पोरीनं समदं सांगितलंय मला. त्यात माजं बोलनं येत हुतं का? समदं येत हुतं?"

हेमंतने मान हलवली.

"मान हलवू नगंस. मान हलवनारे लई बगितले. तोंडानं बोल. ऐकत हुतास मला, आन आत्ता दाबलंस ते बटन तवाबी तुज्या हाताखाली हुतं. मग का दाबलं न्हाईस? बोल की. मी हितंच उभी हाय."